फळ्यावरचं माझं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

शाळेत बाई माझी वही वर्गभर फिरवायच्या. पुढे शिक्षण सुटलं, लग्न झालं, हातात चादरी आल्या, पण अक्षर बिघडलं नाही. मी एका मोठ्या लाँड्रीत कामाला होते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे गाड्या भरभरून यायचे आणि धुऊन, इस्त्री होऊन, घड्या पडून परत जायचे. आत शिरल्याबरोबर हजेरीच्या टेबलाशेजारी एक काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी एक सुविचार लिहायचा असे. सुविचार मालकांचा, अक्षर माझं. म्हणून तिथे मला सगळे अक्षरबाई म्हणायचे.

मालकांना पाठीमागे बोधकाका म्हणत. माणूस खालून वर आलेला. तरुणपणी दारोदार फिरून कपडे गोळा केलेले, कोळशाच्या इस्त्रीने हात पोळून घेतलेले. एवढं कसं उभं केलंत असं कोणी विचारलं की ते खिशातून एक छोटी डायरी काढायचे आणि म्हणायचे, "वाक्यांवर जगलो." काही वाचलेली, काही ऐकलेली, काही स्वतःच जुळवलेली. पंखा बंद पडला, सांगायला गेलं, की वाक्य. पगाराला उशीर झाला की वाक्य. एकीचा नवरा गेला, तिने आठवड्याची रजा मागितली, तर म्हणाले, "थांबला तो संपला," आणि चार दिवस दिले.

आम्ही हसायचो. मीही हसायचे. पण खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. पन्नासएक माणसांत खडू फक्त माझ्या हातात होता. मी रंगीत खडूने कडेला वेलबुट्टी काढायची. चांगलं वाक्य असलं तर घरी लेकीलाही ऐकवायची. ती म्हणायची, "आई, तूच आता फळा झालीस."

माझ्या धाकट्या जावेला तिथे मीच चिकटवलं. दिराचं काम सुटलं होतं आणि ती घरात बसून कुढत होती. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, तोंडाने फटकळ, हाताने चपळ. मला ताई म्हणायची. आमच्यात भांडणं व्हायची, नाही असं नाही, पण भांड्याला भांडं लागावं तेवढीच. महिन्याभरात ती मोठ्या रोलरवर माझ्यासमोर उभी राहायला लागली.

हा रोलर म्हणजे आडवा, वाफेवर तापलेला लोखंडी लोळ, माणसाच्या कमरेएवढा जाड. दोघींनी ओली चादर दोन टोकांना धरून त्याच्या तोंडात सरकवायची, मागून ती कोरडी, कडक होऊन निघते. तोंडाशी एक आडवी दांडी असते. हाताचा जरासा धक्का त्या दांडीला लागला की रोलर जागच्या जागी थांबतो. हात आत जाऊ नये म्हणूनच ती असते, दुसरं काही काम नाही तिला.

त्या दांडीची स्प्रिंग सैल पडली. चादरीची दुमड लागली तरी रोलर थांबायचा. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. हॉटेलांचा हंगाम होता, माल तुंबत होता. एका सकाळी मुकादम पक्कड घेऊन आला आणि त्याने दांडी मागे ओढून तारेने करकचून बांधून टाकली.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"दोन दिवस फक्त. नवी स्प्रिंग मागवली आहे."

दोन दिवसांचे आठ झाले. जाऊ रोज कुरकुरायची, "ताई, मला भीती वाटते गं. हात कुठे संपतो आणि रोलर कुठे सुरू होतो तेच कळत नाही दुपारनंतर." आठव्या दिवशी मी मुकादमाला घेऊन मालकांकडे गेले. ते कोणाशी तरी फोनवर बोलत होते. फोन हातात धरूनच त्यांनी ऐकलं, मान डोलावली, डायरी काढली, आणि दुसऱ्या दिवशीच्या फळ्यासाठी मला एक चिठ्ठी लिहून दिली.

'तक्रार करणाऱ्याला दोष दिसतात, काम करणाऱ्याला वाट दिसते.'

ती चिठ्ठी मी तिथेच फाडायला हवी होती. पण मी ती नीट घडी घालून पिशवीत ठेवली आणि सकाळी फळ्यावर उतरवली. हे माझ्यासाठीच आहे, हे मला कळत होतं. तरी 'वाट' शब्दाखाली पिवळ्या खडूने मी रेघ ओढली. मालकांना वाक्य इतकं आवडलं की म्हणाले, आठवडाभर असू द्या. मग आणखी एक आठवडा असू द्या.

दांडी बांधल्याला तीन आठवडे झाले त्या दिवशी, जेवणानंतर, आमच्यापुढे एका हॉटेलच्या डबल चादरींचा ढीग होता. जावेच्या बाजूची कड आत दुमडली. अशी कड तशीच गेली तर चादरीवर पक्की चूण पडते, आणि चूण पडली की परत धुवायला टाका, परत बोलणी खा. तिने ती सरळ करायला हात पुढे केला.

ओरडली नाही ती. फक्त म्हणाली, "ताई." साध्या आवाजात, हाक मारावी तशी. मी वर बघितलं तर तिचा हात मनगटापर्यंत दिसत नव्हता.

बंद करायचं लाल बटण खांबावर होतं, बारा पावलांवर. मी ती पावलं नंतर कितीदा तरी मोजली आहेत. बटण दाबून परत आले तोपर्यंत ती कोसळायला लागली होती, घडीच्या टेबलावरच्या मावशीने तिला मागून धरलं होतं आणि मुकादम पान्याने रोलर वर उचलायला धडपडत होता. पाना त्याच्या हातून दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा मी त्याच्या हातातून पाना घेतला आणि मीच फिरवला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं. तळवा भाजून निघाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला धड शुद्ध आली. दीर बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. मी तिच्या उशाशी स्टुलावर बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तू तरी मला सांगायचंस गं, आज रोलरवर उभी राहत नाही म्हणून. मी बदली केली असती."

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "सांगणारच होते. परवा सकाळी घरातून ठरवूनच निघाले होते. तुला नाही, थेट मुकादमाला सांगणार होते, दांडी सोडल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मग?"

"आत आले आणि फळा वाचला." तिने मान माझ्याकडे वळवली. "रोजच वाचत होते. पण त्या दिवशी वाटलं, ताईने लिहिलंय. इतकं सुबक लिहिलंय. ताईला पटल्याशिवाय का इतकं सुबक लिहील? म्हटलं, जाऊ दे, आपणच नाटकी आहोत."

मी स्टुलावरून उठले, पाणी आणते म्हणून बाहेर आले आणि नळाशी उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अंगाची लाही लाही होत होती. दात इतके दाबले गेले की दिवसभर जबडा ठणकत होता. मालकांचा राग, मुकादमाचा राग, आणि माझ्या स्वतःच्या या नेटक्या, गोलाकार, बाईंनी वर्गभर फिरवलेल्या अक्षराचा राग. कोणाचा जास्त ते आजही सांगता येणार नाही.

मालक संध्याकाळी भेटायला आले. त्यांचे डोळे खरंच भरले होते. "मला मुलीसारखी आहे ती," म्हणाले. दवाखान्याचं मी बघतो, म्हणाले. ते खोटं नव्हतं. त्या माणसाचं असंच होतं. रडायचं ते मनापासून रडायचा आणि नवी स्प्रिंग तेवढी आणायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले. रोलर धुऊन पुसून चकचकीत केला होता. दांडी मोकळी होती. तारेचा मागमूस नव्हता. सैल स्प्रिंगच्या जागी नवी बसली होती. तीन आठवडे जी मिळत नव्हती ती एका रात्रीत मिळाली होती.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुकादम कोपऱ्यात उभा होता.

"अक्षरबाई, उद्या तपासणीच्या बाई येणार आहेत, सरकारी. फळा जरा छान दिसला पाहिजे. सुरक्षिततेवर काहीतरी हवं. मी रात्रभर विचार करून एक जुळवलंय बघा." त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली.

'बेसावध हात, स्वतःचाच घात.'

मी दोनदा वाचलं.

"यमक जमलंय ना?" ते म्हणाले. आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर शाळकरी पोराचा आनंद होता.

"तार कुठे गेली?" मी विचारलं.

"कसली तार?"

"दांडीला बांधलेली."

त्यांनी मुकादमाकडे बघितलं. मुकादम फरशीकडे बघत होता.

"बाई, तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो," मालक म्हणाले. "पण राग हा माणसाचा..."

"पुरे!" मी इतक्या जोरात ओरडले की माझा मलाच धक्का बसला. बाहेरची कपडे धुणारी यंत्रं घरघरत होती, तरी दाराबाहेरच्या दोघी वळून बघायला लागल्या. "एक वाक्य बोलू नका. आता एकही वाक्य बोलू नका. तिची बोटं गेलीत आणि तुम्ही यमक जुळवताय? बेसावध कोण? ती? ती तर तीन आठवडे घाबरून उभी होती तिथे. मी तुम्हाला येऊन सांगितलं, याच खुर्चीसमोर. तुम्ही मला चिठ्ठी दिलीत!"

"आवाज खाली करा."

"नाही करणार."

"अहो, तुम्हीच लिहिलंत ना ते फळ्यावर?" ते म्हणाले. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते बहुधा त्यांनाही कळलं. पण घाव बसायचा तिथे बसला होता.

"हो," मी म्हणाले. "मीच लिहिलं. आता हेही मीच लिहिते."

मी बाहेर आले, फळा ओल्या फडक्याने पुसला आणि लिहिलं:

'रोलरची दांडी तीन आठवडे तारेने बांधलेली होती. मालकांना सांगितलं होतं. त्यांनी सोडली नाही. तिचा हात बेसावध नव्हता.'

वेलबुट्टी काढली नाही. मुकादम धावत आला आणि फडक्याने सगळं पुसून टाकलं. मी परत लिहिलं. त्याने परत पुसलं आणि खडूचा डबाच उचलून नेला. जाताना पुटपुटला, "बाई, माझी दोन पोरं आहेत हो शिकणारी." मी म्हटलं, "तिच्याही पोरी आहेत. त्यांच्या वेण्या आता कोण घालणार, ते तुम्ही सांगा."

मग मी खुणा करायच्या टेबलाशी गेले. कोणत्या गिऱ्हाईकाची कोणती चादर हे कळावं म्हणून तिथे एका काळ्या शाईने कोपऱ्यावर खूण करतात. ही शाई उकळत्या पाण्यात जात नाही, कशानेच जात नाही. शाईची बाटली आणि जाड ब्रश घेतला आणि फळ्याशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर, हातभर उंचीच्या अक्षरांत, तेच सगळं लिहिलं. ओळी वाकड्या गेल्या, शाई खाली ओघळली. आयुष्यात इतकं घाणेरडं मी कधी लिहिलं नव्हतं. लांबून कोणालाही वाचता येत होतं.

मालक केबिनच्या दारात उभे होते. कोणीही जागचं हललं नाही. यंत्रं तेवढी फिरत होती. मग ते म्हणाले, "घरी जा. आत्ताच्या आत्ता." मी बाटलीचं झाकण लावलं, ब्रश धुऊन जागेवर ठेवला आणि निघाले.

त्याच दुपारी भिंतीला चुना मारला, असं मला नंतर कळलं. पण चुना वाळायला वेळ लागतो, आणि वाळेपर्यंत खालची शाई त्यातून फिकट दिसत राहते. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या तेव्हा मी फाटकाबाहेर उभी होते. मला आत सोडत नव्हते. मी त्यांना तिथेच गाठलं आणि म्हटलं, "मी त्या मुलीची जाऊ. रोलरवर तिच्यासमोर मीच होते." पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, कंटाळलेल्या बाई. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रखवालदाराला म्हणाल्या, "या माझ्याबरोबर येतील."

आत त्यांनी दांडी दाबून बघितली, स्प्रिंग बघितली, भिंतीकडे बघितलं. मग मुकादमाला विचारलं, "ही दांडी बांधली होती का?"

मुकादमाने घाम पुसला. "मला नक्की आठवत नाही, मॅडम."

"मला आठवतं," मागून आवाज आला. घडीच्या टेबलावरची मावशी. वीस वर्षं तिथे घड्या घालत होती, कधी मोठ्याने बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. हातातला अभ्रा खाली न ठेवता ती म्हणाली, "याच्या हातात पक्कड होती. मंगळवार होता. मी म्हटलंसुद्धा, बाबा, हे बरं नाही. तर म्हणाला, वरून सांगितलंय."

मग अजून एक बोलली. मग धुलाईकडचा एक जण. पन्नासांतले सातजण बोलले. बाकीच्यांनी ढिगात तोंड घातलं. मी त्यांना नावं ठेवत नाही असं म्हणणार होते, पण ठेवते. त्यांच्यातलीच मी दोन आठवडे आधी होते, म्हणून जास्तच ठेवते.

शेवटी मुकादमाचाही बांध फुटला. "त्यांनीच सांगितलं होतं," तो मालकांकडे बोट न दाखवता म्हणाला. "मी दोनदा म्हटलं होतं, स्प्रिंग आणू. मला म्हणाले, साधनांचं रडगाणं गाऊ नका."

तपासणीच्या बाईंनी तेही शब्दशः लिहून घेतलं. मालक डायरीच्या खिशावर हात ठेवून उभे होते. पण डायरी काढली नाही त्यांनी.

रोलरला दोन आठवडे सील लागलं. मालकांना दंड झाला, जावेला भरपाई द्यायचा हुकूम निघाला. ती पूर्ण मिळायला मात्र दीड वर्षं आणि माझ्या चपलांचे दोन जोड लागले. मला कामावरून काढलं. कारण काय दिलं? भिंत खराब केली. दोन आठवडे काम बंद राहिलं म्हणून कितीतरी जणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकीने रस्त्यात तोंडावर सांगितलं, "तुझ्या अक्षरापायी आमच्या पोटावर पाय आला." मी म्हटलं, "हो. आणि तुझ्या गप्प बसण्यापायी?" पण ते काही मोठं उत्तर नव्हतं, आणि तिच्या घरी चूल पेटायची अडचण होती हे खरंच होतं.

जाऊ घरी आली तेव्हा माणसांची रीघ लागली. प्रत्येकाच्या तोंडी एक एक वाक्य. जीव वाचला हे काय थोडं. शेवटी ज्याचं त्याचं नशीब. एक लांबची आत्या तिचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन म्हणाली, "जे होतं ते बऱ्यासाठीच होतं, बाळा."

"कोणाच्या?" जावेने विचारलं.

"अगं..."

"नाही, सांगा ना आत्या. कोणाच्या बऱ्यासाठी? माझ्या? की यांच्या? की त्या रोलरच्या?" तिने हात काढून घेतला. "तुमची बोटं देता का? बरं होईल तुमचं."

आत्या पदर सावरत उठली. दीर म्हणाला, "मोठ्या माणसांशी असं बोलतात का?" त्यावर मी म्हणाले, "बोलू दे तिला." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी दिराला असं तोडलं. त्यानंतर त्या घरात कोणी तिला शहाणपण शिकवलं नाही.

माझ्यावरचा तिचा राग गेला असं मी सांगणार नाही. तेव्हापासून ती मला ताई म्हणेनाशी झाली. मी रोज जायची, तिच्या मुलींच्या वेण्या घालायची, भाजी चिरून द्यायची. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "मागितलीस, ऐकली. आता परत मागू नकोस. दर वेळी मला काहीतरी म्हणावं लागतं." मग मी मागितली नाही. फक्त जात राहिले.

सहा महिन्यांनी ती कोणालाही न विचारता मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि काम मागितलं. रोलरवर नको, घडीच्या टेबलावर. भरपाईची फाईल अजून उघडी होती, ते नाही म्हणू शकत नव्हते. मला कळलं तेव्हा मी भडकले. "त्या माणसाच्या दारात परत? दुसरीकडे कुठेही..."

"दुसरीकडे कुठे घेतात मला?" ती म्हणाली. "आणि मी का जाऊ? मी काही केलंय का? त्याने रोज यावं आणि हा हात बघावा."

तिच्या पहिल्या दिवशी, पाळी सुटायच्या वेळी, मी फाटकाशी उभी होते. मला तोवर एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं, तिथून तशीच आले होते. बायका घोळक्याने बाहेर पडल्या. काहींनी मान वळवली, मावशीने हात हलवला. सगळ्यांत शेवटी जाऊ आली, तरातरा, कपाळावर आठ्या.

"काय झालं? कोणी बोललं का काही?"

"बोललं असतं तर बरं झालं असतं. सगळ्या मेल्या गोड! मी एक अभ्रा उचलला की दुसरी पटकन घेऊन घडी घालते. मी चादर धरली की मावशी ओढून घेते. दिवसभरात मला अकरा घड्या घालू दिल्या. अकरा! शेवटी मी ढीग छातीशी धरला आणि सांगितलं, हा माझा आहे, याला जी हात लावेल तिला बघून घेईन."

"मग?"

"मग काय, घातल्या. वाकड्या झाल्या. परत घातल्या." ती चालता चालता थांबली आणि माझ्याकडे वळली. "आणि तू इथे का उभी आहेस? मी काय लहान पोर आहे? वाट माहीत नाही मला घरची?"

"जाता जाता आले."

"वसतिगृह तिकडे आहे. हे जाता जाता कसं होईल?"

"बरं, मुद्दाम आले. मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली. "ती पिशवी दे इकडे. किती सावकाश चालतेस, ताई."